समुद्रघोड्यांची चंदी

घरातल्या मत्स्यटाकीतला समुद्रघोडा बाळंत झाला, हे घरच्यांना बहुतेक वेळा सकाळीच कळतं. रात्र सरता सरता नर एखाद्या काडीला शेपटीचा विळखा घालतो, अंग पुढे दुमडतो, ताणतो, पुन्हा दुमडतो आणि पोटावरच्या शिशुधानीच्या तोंडातून पिल्लांचा झोत बाहेर पडतो. थोडी विश्रांती, की पुन्हा झोत. दिवा लावेपर्यंत टाकीच्या वरच्या थरात जिऱ्याच्या दोन दाण्यांएवढे शेकडो घोडे तरंगत असतात. काही पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटलेले, काही कोपऱ्यात ढगासारखे जमलेले. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवायचा राहून गेला असेल, तर काही थेट फिल्टरच्या पोटात गेलेले.

पिल्लू दिसायला बापाची तंतोतंत नक्कल असतं. तेच नळीसारखं तोंड, तीच मुरडलेली शेपटी, स्वतंत्रपणे फिरणारे तेच दोन डोळे. त्यामुळे पहिल्यांदा हा सोहळा पाहणाऱ्याला वाटतं, की अवघड काम तर बापानंच उरकलं, आता फक्त खायला घालायचं. गप्पी माशांची पिल्लं वाढवलेल्या माणसाला तर हमखास असंच वाटतं. गप्पीच्या पिल्लांपुढे चिमूटभर पूड टाकली की भागतं. समुद्रघोड्याचं तसं नाही. पाश्चात्त्य देशांतल्या हौशी मंडळींनी गेल्या काही दशकांत या पिल्लांवर जितकी रात्र-रात्र जागरणं केली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या माशावर केली असतील. आणि ती सगळी जागरणं शेवटी एकाच प्रश्नाभोवती फिरली: यांच्या तोंडात नेमकं काय घालायचं?

नराच्या बाळंतपणाची नवलाई आता शाळेच्या पुस्तकातही असते, म्हणून ती थोडक्यात. मादी आपली अंडी नराच्या पिशवीत सोडते, नर ती तिथेच फळवतो आणि जातीप्रमाणे व पाण्याच्या तापमानाप्रमाणे साधारण दहा दिवस ते चार आठवडे वागवतो. ही पिशवी म्हणजे नुसता खिसा नाही. अंड्यांना तिच्या अस्तरातून प्राणवायू पुरवला जातो, क्षारांचा तोल राखला जातो आणि कॅल्शियमसारखे पदार्थही मिळतात. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं, की मोठ्या पोटाच्या समुद्रघोड्याची प्रसूती आपल्याकडच्या सस्तन मातांसारखी गर्भाशयाच्या अनैच्छिक स्नायूंच्या कळांवर चालत नाही. पिशवीच्या तोंडाजवळची हाडं आणि त्यांना जोडलेले ऐच्छिक स्नायू ते काम करतात. सकाळी टाकीसमोर उभं राहून दिसतं ते अंग दुमडणं, म्हणजे हेच.

पण पिशवीचं तोंड बंद झालं, की बापाची जबाबदारी संपते. तो पिल्लांना भरवत नाही, राखत नाही, ओळखतही नाही. समुद्रात हजारातली पाच पिल्लंही मोठी होत नाहीत, असा अंदाज अभ्यासक देतात. प्रवाह त्यांना वाहून नेतो, लहान-मोठे मासे गिळतात, उरलेली उपाशी मरतात. घरच्या टाकीत प्रवाह नसतो, शिकारी नसतो. तरीही पहिल्या खेपेत एकसुद्धा पिल्लू न वाचणं ही नवशिक्यांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे. शत्रू नसताना पिल्लं मरतात, तेव्हा कारण बहुधा ताटातच शोधावं लागतं.

समुद्रघोड्याच्या शरीराची रचना पाहिली, की हे कोडं उलगडू लागतं. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. तोंडातून आत गेलेलं भक्ष्य सरळ आतड्यात जातं आणि ते आतडंही आखूड. म्हणजे खाल्लेलं साठवून सावकाश पचवण्याची सोयच नाही. थोडं थोडं, पण सतत खात राहायचं, हाच त्याचा जगण्याचा क्रम. पिल्लाचं पोट तर दिवसाकाठी हजारो सूक्ष्म जीव मागतं. शिवाय खाणं समोरून हलत गेलं पाहिजे. तळाशी पडलेला कण त्याच्या दृष्टीनं खाणंच नव्हे. पिल्लू भक्ष्याकडे एक डोळा लावतं, मान हळूच वळवतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत डोकं झटक्यानं वर नेऊन नळीतून पाणी ओढतं. त्या पाण्याबरोबर भक्ष्य आत जातं. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये बुटक्या समुद्रघोड्याची शिकार अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपली. त्याच्या डोक्याचा आकारच असा असतो, की नाकाच्या टोकाजवळचं पाणी जवळजवळ ढवळलंच जात नाही आणि सावजाला चाहूल लागत नाही. संथ पाण्यात त्याच्या दहापैकी नऊ झडपा यशस्वी ठरल्या. या अभ्यासात सावज होतं कोपेपॉड, म्हणजे समुद्रात सगळीकडे असणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा कवचधारी जीव. त्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

घरच्या टाकीत मात्र चंदी म्हणून पहिलं नाव येतं ते आर्टेमियाचं, म्हणजे ब्राइन श्रिम्पचं. खाऱ्या तळ्यांत राहणारा हा झिंग्याचा दूरचा नातलग. त्याची अंडी कोरडी पडली, तरी वर्षानुवर्षं निद्रिस्त राहतात आणि मिठाच्या कोमट पाण्यात टाकली, की दीड दिवसाच्या आत फुटतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातल्या अल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेतल्या रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये माशांच्या पिल्लांसाठी तो वापरून दाखवला. त्यानंतर जगभरातल्या मत्स्यबीज केंद्रांत तो आला. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून वाळूसारखी तपकिरी अंडी गोळा करून डब्यांत भरली जातात. असा एक डबा फडताळात ठेवला, की हवं तेव्हा जिवंत खाणं तयार. निदान जाहिरात तरी असंच सांगते.

जाहिरातीवरून एक गमतीची गोष्ट आठवते. हॅरल्ड फॉन ब्राउनहट या अमेरिकन विक्रेत्यानं हीच अंडी १९६२ पासून ‘सी-मंकीज’ या नावानं मुलांना टपालानं विकली. जाहिराती येत त्या कॉमिक पुस्तकांच्या मागच्या पानांवर. त्याच काळात, तशाच पानांवर फ्लोरिडातले जिवंत बुटके समुद्रघोडेही टपालानं विकले जात. खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघांचीही जाहिरात एकाच बाजारात होती. त्या मुलांपैकी किती जणांनी दोन्ही पाकिटं मागवून नकळत योग्य जोडी जमवली असेल, देव जाणे.

आर्टेमियाची अडचण दुसऱ्या दिवशीपासून सुरू होते. अंड्याचं कवच कठीण असतं. पिल्लानं ते गिळलं तर आतड्यात अडकतं, शिवाय त्यावर बसून जिवाणू आणि नको ते पाहुणे टाकीत शिरतात. म्हणून जाणकार लोक अंडी आधी कपड्यांच्या ब्लीचमध्ये ढवळतात. तपकिरी रंग जातो, पांढरट होतो, मग नारिंगी दिसू लागतो. त्या क्षणी ती गाळून भरपूर पाण्याखाली धुवायची आणि उरलेला क्लोरिन सोडियम थायोसल्फेटनं मारायचा. दोन लिटरची सरबताची बाटली बुडाकडून कापून उलटी टांगायची, तोंडातून हवेची नळी सोडायची, हे घरगुती उबवणी यंत्र. अशा दोन-तीन बाटल्या बारा बारा तासांच्या अंतरानं चालू ठेवाव्या लागतात. एकीतलं खाणं संपेपर्यंत दुसरी तयार व्हायला हवी.

नुकतंच फुटलेलं आर्टेमियाचं पिल्लू अंगातल्या पिवळ्या बलकावर जगतं. त्याचं तोंडही अजून उघडलेलं नसतं. या अवस्थेत त्याच्यात ऊर्जा असते, पण समुद्री माशांच्या पिल्लांना हवी असलेली डीएचएसारखी दीर्घ शृंखलेची स्निग्धाम्लं त्यात जवळजवळ नसतात. बारा तास गेले, की ते कात टाकतं, तोंड उघडतं, बलक संपत येतो. त्याला आता माशाच्या तेलाचं दूध किंवा शैवाल पाजता येतं. याला हौशी मंडळी ‘समृद्ध करणं’ म्हणतात. सोपं करून सांगायचं, तर कोंबडीला चांगलं खाऊ घालून तिचं अंडं मुलाला द्यायचं, तसं. पण तोवर आर्टेमिया मोठा आणि चपळ झालेला असतो, आणि पहिल्या दिवसाच्या घोड्याची नळी असते सुईच्या भोकाएवढी. लहान आणि निकस, की सकस आणि मोठा? या दोहोंमधला मेळ ज्याला घालता येतो, त्याची पिल्लं आठवडा ओलांडतात.

बरं, एवढं करून पिल्लांनी पोटभर खाल्लं, तरी निश्चिंत होता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पेन आणि रिपिंगेल यांनी २००० साली स्थानिक जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. त्यांनी काही पिल्लांना कोपेपॉडची पिल्लं दिली आणि काहींना समृद्ध केलेला आर्टेमिया. कोपेपॉड खाणारी अधिक जगली, अधिक वाढली. आर्टेमिया मात्र लहानग्यांच्या आतड्यातून नीट न पचताच बाहेर पडताना दिसला. स्पेनमधल्या विगो इथल्या सागरी संशोधन संस्थेत मिकेल प्लानास यांच्या गटानं युरोपातल्या लांब तोंडाच्या समुद्रघोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यांचाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला: पहिले काही दिवस कोपेपॉड, मग हळूहळू आर्टेमिया. घरच्या टाकीसमोर बसलेल्या माणसाला मात्र हे समजायला कठीण जातं. पिल्लांची पोटं नारिंगी आणि टम्म दिसतात, ती दिवसभर टिपत असतात आणि तरीही आठव्या-दहाव्या दिवशी एकेक करून तळाला जातात. भरल्या पोटी उपासमार, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून मग काही जण कोपेपॉड वाढवायला घेतात, आणि इथून हा छंद शेतीच्या वळणाला लागतो. कोपेपॉडला शैवाल लागतं. शैवाल म्हणजे आयसोक्रायसिस किंवा टेट्रासेल्मिससारख्या एकपेशीय वनस्पती. त्यांना खत लागतं, दिवसाचे सोळा तास उजेड लागतो, निर्जंतुक खारं पाणी लागतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हिरव्या-तपकिरी बाटल्यांची रांग उभी राहते. एका बाटलीत चुकून रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव शिरले, की ते शैवालाचा फन्ना उडवतात आणि आठवड्याचं पीक एका रात्रीत पारदर्शक होतं. खतापासून शैवाल, शैवालापासून कोपेपॉड, कोपेपॉडपासून घोडा. टाकी दिसते ती शेवटच्या पायरीची. खरा संसार मागच्या बाटल्यांत चाललेला असतो. या छंदात यशस्वी झालेल्या माणसाला समुद्रघोड्यांबद्दल विचारलं, तर तो बराच वेळ समुद्रघोड्यांबद्दल बोलतच नाही, बाटल्यांबद्दल बोलतो. ही त्याच्या जाणतेपणाची खूण समजायला हरकत नाही.

सगळ्या जातींना एकच न्याय लावता येत नाही. समुद्रघोड्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या पिल्लांचे ढोबळमानानं दोन पंथ पडतात. मेक्सिकोच्या आखातातला, दोन-अडीच सेंटिमीटरचा बुटका समुद्रघोडा दहा-बारा दिवसांत बाळंत होतो. एका खेपेला त्याला मोजकी, बहुधा दोन डझनांच्या आतच पिल्लं होतात. पण ती जन्मतःच शेपटीनं गवत पकडतात आणि पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात. आईबापांच्याच टाकीत वाढली तरी चालतात. नवशिक्यानं सुरुवात इथून करावी, हा अनुभवी लोकांचा सल्ला अगदी रास्त आहे, जरी हे मासे जेमतेम वर्षभर जगत असले आणि त्यांना आयुष्यभर जिवंत खाणंच लागत असलं तरी. दुसऱ्या टोकाला ब्राझील-कॅरिबियनचा लांब तोंडाचा रायडी. त्याचा नर एका वेळी हजारावर पिल्लं देऊ शकतो, पण ती सहा-सात मिलिमीटरची, आणि कित्येक आठवडे नुसती पाण्यात वाहत राहणारी. दिसायला रायडी सर्वांत देखणा, वाढवायला सर्वांत छळवादी. रेषाळ समुद्रघोडा, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा इरेक्टस, या दोघांच्या मध्ये येतो. त्याची पिल्लं सेंटिमीटरभर असतात, पहिले एक-दोन आठवडे तरंगतात आणि मग पकडायला काहीतरी शोधतात. घरगुती पैदाशीत तोच सगळ्यांत जास्त दिसतो, ते यामुळेच.

तरंगणाऱ्या पिल्लांचा एक वेगळाच घात असतो. ती उजेडाकडे झेपावतात, आणि उजेड वरून येत असल्यानं पृष्ठभागाशी गोळा होतात. तिथे पाणी आणि हवा यांच्यातल्या पृष्ठताणानं काही पिल्लं अक्षरशः चिकटून बसतात, तर काही भक्ष्य समजून हवेचे बुडबुडे गिळतात. पोटात हवा गेलेलं पिल्लू बुचासारखं आडवं तरंगतं, खाली जाऊ शकत नाही, खाऊ शकत नाही. त्यातही एक पेच आहे: वाताशय फुगवण्यासाठी पहिल्या दिवसांत पिल्लाला वर येऊन थोडी हवा घ्यावीच लागते. म्हणजे पृष्ठभागाची वाट बंदही करायची नाही आणि तिथे रेंगाळूही द्यायचं नाही. माशाच्या तेलानं समृद्ध केलेल्या खाण्यामुळे पाण्यावर तेलकट साय धरते. ती टिशू पेपर अंथरून टिपून घ्यावी लागते. टाकीच्या बाजूंना काळा कागद लावतात, पाण्यात थोडं शैवाल मिसळून ते हिरवट करतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पाणी गोल फिरतं ठेवतात.

हे गोल फिरणारं पाणी मुळात समुद्रघोड्यांसाठी शोधलं गेलंच नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ वुल्फ ग्रेव्हे यांनी १९६८ मध्ये ‘प्लँक्टनक्रायसेल’ नावाची टाकी वर्णन केली. तिला कोपरे नाहीत आणि पाणी चाकासारखं संथ फिरतं. जेलीफिशसारखे नाजूक जीव कशालाही न आपटता तीत तरंगत राहतात. पुढे समुद्रघोडे वाढवणाऱ्यांनी ती उचलली. घरगुती अवतारात तिची जागा काचेचा गोल बाऊल घेतो: तो मोठ्या टाकीत बुडवून ठेवायचा, कडेनं हवेची बारीक नळी सोडायची. बुडबुडे एका बाजूनं वर जातात, पाणी दुसऱ्या बाजूनं खाली येतं, पिल्लं आणि त्यांचं खाणं एकत्र फिरत राहतं. वेग जास्त झाला, तर पिल्लांना नेम धरता येत नाही. कमी झाला, तर सगळी पुन्हा वर जाऊन चिकटतात. सेकंदाला बुडबुडे किती, हे मोजत बसणारी माणसं या छंदात वेडी समजली जात नाहीत.

स्वच्छतेचा भाग कंटाळवाणा, पण टाळता न येणारा. न खाल्लेला आर्टेमिया मरतो, कुजतो, अमोनिया वाढतो. दिवसातून दोनदा हवेच्या बारीक नळीनं तळ ओढून घ्यायचा, आणि ओढलेलं पाणी पांढऱ्या भांड्यात घ्यायचं, म्हणजे त्यात आलेली पिल्लं दिसतात आणि परत सोडता येतात. पाणी बावीस ते चोवीस अंशांपर्यंतच ठेवतात, कारण त्याहून ते उबदार झालं, की व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंचं फावतं. आर्टेमियाबरोबर आणखी एक चोर येतो, हायड्रॉइड. जेलीफिशच्या कुळातला हा जीव काचेवर पांढऱ्या धाग्यांसारखा वाढतो आणि त्याच्या दंशानं पिल्लं मरतात. त्यावर चालणारं औषध म्हणजे फेनबेन्डाझोल, कुत्र्या-गुरांना जंतांवर देतात तेच. ते गोगलगायींनाही मारतं, त्यामुळे टाकीत शोभेच्या गोगलगायी ठेवणाऱ्यानं आधीच मन घट्ट करावं.

दोनेक आठवड्यांनी इरेक्टसची पिल्लं पकडायला काहीतरी शोधू लागतात. काहीच नसेल, तर एकमेकांच्या शेपट्या, माना, नळ्या पकडतात. त्या झटापटीत गाठोडं होऊन काही जण गुदमरतातही. नायलॉनचा दोरा, प्लॅस्टिकची साखळी, मासेमारीच्या जाळीचा तुकडा टांगला, की गाठोडं सुटतं आणि सगळे ओळीनं लटकतात. एकदा लटकायला शिकले, की बसल्या जागी खाणं जवळ येण्याची वाट पाहतात. मग शेवटची परीक्षा येते: जिवंत खाणं सोडून गोठवलेल्या मायसिसकडे वळवणं. कॅनडातल्या ओकानागन तलावातून पकडून गोठवलेले हे झिंग्यासारखे जीव मोठ्या समुद्रघोड्यांचं मुख्य अन्न झाले आहेत. आधी बारीक चिरून, जिवंत खाण्यात मिसळून, पाण्याच्या प्रवाहात हलते ठेवून ते द्यायचे. हलणारा मेलेला झिंगा जिवंतच वाटतो. दोन महिन्यांचं पिल्लू एकदा त्याला भुललं, की पाळणाऱ्याच्या बाटल्यांना पहिल्यांदा सुट्टी मिळते.

या शेवटच्या पायरीनं बाजारही बदलला. १९९०च्या दशकापर्यंत दुकानात मिळणारे समुद्रघोडे बहुतेक समुद्रातून पकडलेले असत. ते गोठवलेलं खात नसत आणि काही आठवड्यांत उपासानं मरत. टाकीत जन्मलेला, लहानपणीच मायसिस खायला शिकलेला मासा मात्र घरात वर्षानुवर्षं जगतो. हवाई बेटावर कोना इथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ओशन रायडर फार्मनं असे मासे हौशी लोकांना विकायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये मोठ्या पोटाच्या समुद्रघोड्यांची, तर व्हिएतनामच्या न्हा ट्रांग परिसरात पिवळ्या समुद्रघोड्यांची पैदास होऊ लागली. २००२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सांतियागोच्या बैठकीत सगळे समुद्रघोडे दुसऱ्या परिशिष्टात घेतले गेले आणि मे २००४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. जंगली पकड असेल, तर किमान दहा सेंटिमीटर उंचीचेच मासे विकावेत, अशी शिफारसही पुढे आली. आता जिवंत समुद्रघोड्यांच्या कायदेशीर व्यापारात पैदाशीच्या माशांचा वाटा मोठा आहे.

तरीही घरगुती पैदाशीनं समुद्रघोडे वाचले, असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. समुद्रघोड्यांच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या प्रोजेक्ट सीहॉर्सच्या सहसंस्थापक अमांडा व्हिन्सेंट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की खरा व्यापार वाळवलेल्या समुद्रघोड्यांचा आहे, आणि तो मुख्यतः चिनी पारंपरिक औषधांसाठी चालतो. त्यातले बहुतेक मुद्दाम पकडलेले नसतात, झिंग्यांसाठी तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत आलेले असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका आढाव्यात एकवीस देशांत मिळून वर्षाला सुमारे तीन कोटी सत्तर लाख समुद्रघोडे असे सापडत असल्याचा अंदाज होता. या आकड्यापुढे ओट्यावरच्या बाटल्यांतून वाढलेली वीस पिल्लं कुठेच दिसत नाहीत. पैदाशीचा एक फायदा मात्र निश्चित आहे: पिल्लांना काय पचतं, ती कशी श्वास घेतात, कशानं मरतात, ही माहिती. त्यातली बरीचशी प्रयोगशाळांच्या आधी किंवा बरोबरीनं घरच्या टाक्यांतच जमली.

भारतात हा छंद कायद्याच्या उंबऱ्यावरच थांबतो. २००१ मध्ये समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले सगळे मासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखातात चालणारा त्यांचा व्यापार तेव्हापासून बेकायदा ठरला. त्यामुळे दादर-पुण्याच्या मत्स्यदुकानातून समुद्रघोड्यांची जोडी आणून हा प्रयोग करायचा विचार कोणाच्या मनात आला, तर तो मनातच ठेवावा. कोकण-गोव्याच्या खाड्यांत पिवळा समुद्रघोडा, म्हणजे हिप्पोकॅम्पस कुडा, आढळतो. जाळ्यात आलाच, तर तो परत पाण्यात सोडायचा असतो. पिल्लं वाढवण्याचं काम इथे परवानगीनं, संशोधन संस्थांत झालं. केरळात विळिंजम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात कुडावर काम झालं आणि गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलेल्या विषयांपैकी एक होता टाकीच्या आतल्या रंगाचा: मागची बाजू कोणत्या रंगाची असेल, तर पिल्लाला भक्ष्य अधिक नीट दिसतं आणि ते अधिक टिपतं? अमेरिकेत काचेवर काळा कागद लावणारा हौशी माणूस आणि दोनापावलाचा संशोधक, दोघंही एकाच घासामागे लागलेले होते.

सिडनीत मात्र वाढवलेली पिल्लं समुद्रात परत गेली. व्हाइटचा समुद्रघोडा तिथल्या बंदराचा रहिवासी. समुद्रगवत आणि मऊ प्रवाळ कमी झाले, तसा तो दुर्मिळ झाला. डेव्हिड हारास्टी या सागरी जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की टाकून दिलेले खेकड्यांचे सापळे तळाशी राहिले, की त्यांवर शैवाल आणि स्पंज वाढतात आणि समुद्रघोडे तिथे राहायला येतात. त्यावरून जाळीच्या पिंजऱ्यांची ‘समुद्रघोड्यांची हॉटेलं’ बांधली गेली. सिडनीच्या मत्स्यालयानं बंदरातून गाभण नर आणले, पिल्लं वाढवली आणि २०२० मध्ये सुमारे नव्वद तरुण घोडे चाउडर बेमधल्या त्या हॉटेलांत सोडले. त्यांच्या त्वचेखाली ओळखीसाठी रंगीत खुणा टोचल्या होत्या. घरगुती पैदाशीची पिल्लं मात्र अशी सोडता येत नाहीत. त्यांचा वंश कुठला, अंगावर कोणते जिवाणू, हे कोणाला ठाऊक नसतं.

मग त्या शेकडो पिल्लांचं करायचं काय, हा प्रश्न हौशी मंडळींना उघडपणे बोलायला आवडत नाही. तीनशे पिल्लांना पुरेल एवढी चंदी बहुतेकांच्या ओट्यावर पिकत नाही. काही जण पहिल्याच दिवशी पन्नास बळकट पिल्लं निवडतात आणि बाकीची मोठ्या टाकीत, म्हणजे इतर माशांच्या तोंडी, सोडतात. काही जण सगळी ठेवतात आणि तीन आठवड्यांनी पाच उरलेली मोजतात. समुद्रानं केलं असतं, तेच आपण करतोय, असं पहिल्या गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटाला ते पटत नाही, पण त्यांच्या टाकीत शेवटी उरतात त्या पिल्लांची संख्या पाहिली, तर पहिल्यांचा हिशेब अधिक प्रामाणिक वाटतो. हजार अर्धपोटी पिल्लांपेक्षा तीस पोटभर जेवणारी केव्हाही बरी.

नराला यातल्या कशाचंच सोयरसुतक नसतं. पिशवी रिकामी झाली, की दोन-चार दिवसांत, कधी कधी त्याच दिवशी, मादी पुन्हा त्याच्याभोवती फिरू लागते. दोघं शेपट्या गुंफून रंग बदलत नाचतात आणि नवी अंडी पिशवीत पडतात. आधीची पिल्लं तिसऱ्या आठवड्यात दोऱ्याला लटकत, गोठवलेल्या मायसिसकडे संशयानं पाहत असतात, तेवढ्यात टाकीतल्या काडीला शेपटीचा विळखा घालून बाप पुन्हा अंग दुमडू लागतो. नुकत्याच धुऊन पालथ्या घातलेल्या सरबताच्या बाटल्या मग पुन्हा टांगाव्या लागतात.